हौदाबाहेरचा वस्ताद

'वस्ताद' हा शब्द आपण आता बहुधा थट्टेने वापरतो. 'तो मोठा वस्ताद आहे' असे कोणी म्हटले की त्या गृहस्थाने कोणाला तरी गुंडाळले असणार हे ऐकणाऱ्याला कळते. शब्द मूळचा फारसी 'उस्ताद'. गाण्याच्या बैठकीत तो उस्तादच राहिला, कुस्तीच्या तालमीत मात्र त्याचा वस्ताद झाला. गोमंतकीयांना यातला पहिला शब्द जवळचा. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर या दोघींचे गुरू उस्ताद अल्लादिया खाँ हे कोल्हापूर दरबारचे गायक. त्याच दरबारचे धनी असलेल्या शाहू महाराजांनी पंजाबचे नामी पैलवान कोल्हापुरात आणून ठेवले आणि गावोगावच्या पोरांना तालमीची वाट दाखवली. म्हणजे एकाच गावात, एकाच राजाच्या आश्रयाने, एकाच शब्दाने ओळखले जाणारे दोन प्रकारचे गुरू नांदत होते.

पण पुढे या दोघांच्या वाट्याला आलेली कीर्ती सारखी नाही. केसरबाईंविषयी चार ओळी लिहायच्या तरी खाँसाहेबांचे नाव घ्यावेच लागते. गाण्यात घराणे सांगण्याची रीतच आहे. पैलवानाचे तसे होत नाही. त्याने कोणाला चीत केले, किती मिनिटांत केले, गदा कोणाच्या हस्ते मिळाली हे सगळे छापून येते. ज्याने त्याला दहा वर्षे पहाटे उठवले त्या माणसाचे नाव छापायला जागा उरत नाही. या लेखात अशा माणसांविषयी, म्हणजे हौदात न उतरता कुस्ती जिंकून देणाऱ्यांविषयी लिहायचे आहे. त्यासाठी निपाणी-बेळगावच्या सीमाभागापासून सुरुवात करणे सोयीचे आहे.

आपल्याला बेळगाव माहीत असते ते चोर्ल्याच्या घाटातून येणाऱ्या भाजीमुळे, लग्नाच्या खरेदीमुळे, इस्पितळांमुळे आणि शिक्षणासाठी तिथे राहिलेल्या नातेवाइकांमुळे. बेळगावहून उत्तरेला महामार्गाने निघाले की संकेश्वर, मग निपाणी आणि कोगनोळीपाशी राज्याची हद्द संपते. हद्दीपलीकडचे पहिले मोठे गाव कागल. शाहू महाराजांचा जन्म या कागलच्या घाटगे घराण्यातला, २६ जून १८७४चा. निपाणीच्या पूर्वेला चिकोडी तालुक्यात दूधगंगेच्या काठाला एकसंबा आहे. इथल्या बाजारात आणि घरांत मराठी व कन्नड दोन्ही कानावर पडतात. मराठी माणूस जिला तालीम म्हणतो तिला कन्नड माणूस 'गरडी मने' म्हणतो. आतला हौद, तांबडी माती आणि कोनाड्यातला मारुती यांत मात्र काही फरक नसतो.

या एकसंब्यात १९३४ साली श्रीपती खंचनाळे यांचा जन्म झाला. त्या वेळी बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता आणि कोल्हापूर हे स्वतंत्र संस्थान होते. कुस्तीचे वेड असलेला मुलगा एकसंब्याहून कोल्हापूरला जाई, यात कोणाला काही विशेष वाटायचे कारण नव्हते. बैलगाडीची वाट जिकडे जाते तिकडेच बाजार असतो आणि बाजार असतो तिकडेच तालीम. खंचनाळे कोल्हापुरात आले आणि शाहूपुरी तालमीच्या मातीत घडले.

ते घडत होते त्याच काळात भोवतालचा नकाशा मात्र बदलत होता. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी, चिकोडीसह हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. कोल्हापूर द्वैभाषिक मुंबई राज्यात राहिले. म्हणजे एका पैलवानाचे गाव एका राज्यात आणि त्याची तालीम दुसऱ्या राज्यात. तीन वर्षांनी, १९५९ साली, दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगाला हरवून श्रीपती खंचनाळे देशाचे पहिले हिंदकेसरी झाले. महाराष्ट्र राज्य अस्तित्वात यायला तेव्हा अजून वर्षभराचा अवकाश होता. त्यामुळे हा पहिला हिंदकेसरी कर्नाटकाचा की महाराष्ट्राचा, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. जन्माने तो एकसंब्याचा आणि विद्येने शाहूपुरीचा, एवढेच खरे.

किताबांना राज्याचे नाव नंतर चिकटले. १९६१ साली पहिले महाराष्ट्र केसरी दिनकर दह्यारी झाले. पलीकडे कर्नाटक केसरी आहे. १९६७ साली महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्राला द्यावी आणि बेळगाव कर्नाटकात राहावे अशी शिफारस केली. ती अमलात आली नाही. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. या साऱ्या काळात सीमाभागातल्या माणसाला कागदपत्रांपासून शाळेच्या माध्यमापर्यंत कितीतरी गोष्टींत आपण कोणत्या बाजूचे हे सांगावे लागले. तालीम हे त्याला अपवाद असलेल्या थोड्या जागांपैकी एक. किताब राज्याचा असू शकतो, पण विद्या कोणाकडून घेतली याला राज्य नसते. निपाणीकडचा पोरगा कोल्हापूरच्या वस्तादाकडे जातो तेव्हा तो सीमा ओलांडून जातो असे त्याला वाटतच नाही. तो फक्त वस्तादाकडे जात असतो.

हा वस्ताद नेमके करतो तरी काय? बाहेरच्या माणसाला वाटते की तो डाव शिकवतो. ते खरेच आहे. ढाक, कलाजंग, धोबीपछाड, घिस्सा, मोळी, लपेट, एकलंगी, निकाल अशी डावांची लांबलचक नामावळी आहे आणि प्रत्येक डावाला तोड आहे. परंतु डाव पोरे एकमेकांकडे बघूनही उचलतात. वस्तादाचे खरे काम त्याच्या आधी सुरू होते आणि नंतरही चालू राहते.

पहिले काम मातीचे. हौदातली माती खणून, चाळून मऊ करावी लागते. तीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मुरवावी लागते. कोरडी पडली तर कातडी सोलते, चिखल झाला तर पाय सरतो. दुसरे काम मेहनतीचे. जोर आणि बैठका कोणाला किती, हे वस्ताद ठरवतो. वाढत्या अंगाच्या पोराला आणि तयार मल्लाला एकच माप लावून चालत नाही. तिसरे खुराकाचे. दूध, तूप, बदामाची थंडाई हे सारे पैशाचे काम. शेतकरी बाप पोटाला चिमटा घेऊन पोराला तालमीत ठेवतो. गावाकडून शिधा आणि तूप येते. ते पोराच्या अंगी लागते की वाया जाते हे बघायला बाप तिथे नसतो, वस्ताद असतो. पोर संध्याकाळी कुठे जाते, कोणाबरोबर बसते, हेही तोच बघतो.

चौथे काम सर्वांत नाजूक, ते म्हणजे जोड लावण्याचे. लढतीला कोणासमोर कोण हे ठरवणे म्हणजे जोड लावणे. तालमीत रोजच्या सरावाला पोराला नेहमी हरणारा जोडीदार दिला तर तो फुगतो, नेहमी हरवणारा दिला तर तो खचतो. यात्रेच्या मैदानात तर याहून अवघड. गावकरी पुढे होऊन इनाम जाहीर करतात, हलगी वाजत असते, पोराचे रक्त उसळते आणि त्याला वाटते की आत्ताच्या आत्ता उडी घ्यावी. 'अजून एक वर्ष थांब' हे सांगायचे धैर्य वस्तादाकडे असावे लागते. पोराला वेळेआधी मोठ्या कुस्तीत उतरवले आणि त्याचा खांदा निखळला तर सगळा जन्म गेला. त्याला फार थांबवले तर उमेदीची वर्षे गेली. या दोहोंमधला क्षण ओळखणे हीच वस्तादाची विद्या. ती कोणत्या पुस्तकात लिहिलेली नाही.

यातले काहीच प्रेक्षकाला दिसत नाही. तो तिकीट काढून येतो तेव्हा दहा वर्षांचे काम आटोपलेले असते आणि वस्ताद फेटा बांधून हौदाच्या कडेला बसलेला असतो. मातीतली कुस्ती सुरू झाली की त्याला आत जाता येत नाही. पोराच्या पाठीला माती लागली तर ती त्याच्याही पाठीला लागते, आणि समोरचा चीत झाला तर लोक पोराला खांद्यावर घेऊन नाचतात. खांद्यावरून उतरल्यावर पोरगा वस्तादाच्या पाया पडायला येतो, तेवढ्यापुरता काय तो लोकांना कळतो की हा याचा वस्ताद.

आपल्याकडे फुटबॉलमध्ये असे नाही. धेंपो क्लबने २००५ ते २०१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले तेव्हा आर्मांदो कुलासो हे प्रशिक्षकाचे नाव गोव्यातल्या पोराटोरांना पाठ होते. खेळाडू बदलले, परदेशी खेळाडू आले-गेले, नाव राहिले. पण फुटबॉल या नावाचाच अमेरिकेत एक वेगळा खेळ आहे आणि त्यात वस्तादाशी बरेच जुळणारे एक पद आहे. तिथे विद्यापीठांच्या संघांचे सामने पाहायला लाखभर माणसे जमतात. चेंडू घेऊन पळणारा आणि तो फेकणारा यांची नावे गाजतात. त्यांच्यापुढे पाच धिप्पाड गडी ओणवे उभे असतात. त्यांनी चेंडू घेऊन पळायचे नसते, फक्त समोरून येणाऱ्यांना अंगावर घ्यायचे आणि मागच्याला दोन-तीन सेकंदांचा अवधी मिळवून द्यायचा. गुणफलकावर त्यांच्या नावापुढे बहुधा काहीच लागत नाही. चूक झाली तरच त्यांचे नाव पुकारले जाते. या पाच जणांना शिकवायला तिथे स्वतंत्र प्रशिक्षक असतो. पाय कुठे ठेवायचा, कंबर किती खाली ठेवायची, हात कुठे लावायचा, एवढेच तो वर्षानुवर्षे शिकवतो. मुख्य प्रशिक्षकाची नोकरी गेली की बहुतेक वेळा त्याचीही जाते आणि तो दुसऱ्या गावी दुसऱ्या कॉलेजात तेच शिकवायला लागतो. कुस्तीतले वस्ताद आणि हा प्रशिक्षक एकमेकांना भेटले तर कंबर खाली ठेवण्याविषयी त्यांचे लगेच जमेल.

कॉलेज आणि कुस्ती यांची गाठ आपल्याकडेही एकदा पडली होती आणि तिच्यातून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होते. तिथले क्रीडाशिक्षक गोविंद पुरंदरे यांनी त्यांच्यावर मेहनत घेतली. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा सहावे आले. तोवर त्यांचे आयुष्य मातीत गेले होते आणि ऑलिंपिकची कुस्ती मॅटवर होती. तिचे नियम, तिची वेळ, तिचे गुण सगळेच निराळे. त्या तयारीत अमेरिकन प्रशिक्षक रीस गार्डनर यांचे साह्य त्यांना मिळाले.

१९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैसा नव्हता. गावाने वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गोव्याला लागून असलेल्या वेंगुर्ल्यातले महाविद्यालय त्यांच्याच नावाचे आहे. खर्डेकर कुस्ती शिकवणारे नव्हते. पण पोराच्या खुराकाची आणि वाटखर्चाची काळजी वाहणे हे तालमीत वस्तादाचे काम असते, ते त्या वेळी एका प्राचार्यांनी केले.

हेलसिंकीत २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांना कांस्यपदक मिळाले. त्या दिवसाची एक हकिकत नेहमी सांगितली जाते. जपानच्या शोहाची इशी याच्याबरोबरची त्यांची कुस्ती लांबली. ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोव याच्यासमोर उभे केले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळण्याचा नियम होता, पण तो दाखवून देऊन भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा तसेच लढले आणि हरले. इशीला सुवर्ण, सोव्हिएत मल्लाला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. विश्रांती मिळाली असती तर निकाल बदलला असता का, हे कोणी सांगू शकत नाही. एवढे मात्र दिसते की कडेला बसलेल्या माणसाचे महत्त्व तो तिथे नसतो तेव्हा कळते. गावच्या यात्रेत सुद्धा वस्तादाने आपल्या पोराला लागोपाठ दोन कुस्त्या लढू दिल्या नसत्या.

त्यानंतर भारताला कुस्तीत पुढचे ऑलिंपिक पदक मिळायला २००८ साल उजाडले. या छप्पन्न वर्षांत कोल्हापूर-सांगली-बेळगावच्या मातीत मल्ल कमी निपजले नाहीत. १९६० साली दुसरे हिंदकेसरी झाले गणपतराव आंदळकर, सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवले. कवठेपिरानच्या मारुती माने यांनी त्याच स्पर्धेत नेमके उलट केले, म्हणजे फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. आंदळकरांना १९६४ साली अर्जुन पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी ते तोक्यो ऑलिंपिकला गेले.

एवढ्यावर त्यांचे चरित्र संपवले तरी ते भरगच्च वाटेल. प्रत्यक्षात त्यांच्या आयुष्यातला मोठा भाग त्यानंतरचा आहे. लांग उतरवल्यावर आंदळकर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीचे वस्ताद झाले आणि दशकानुदशके तिथेच राहिले. लढण्याची वर्षे फार तर पंधरा, शिकवण्याची त्याहून कितीतरी जास्त. त्यांच्या हाताखाली तयार झालेले दादू चौगुले १९७० आणि १९७१ असे लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्र केसरी झाले, १९७३ साली हिंदकेसरी झाले आणि १९७४च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले. पुढे चौगुलेही मोतीबागेतच वस्ताद झाले. त्यांचे चिरंजीव विनोद चौगुले २००० साली महाराष्ट्र केसरी झाले. आंदळकर १६ सप्टेंबर २०१८ रोजी गेले, दादू चौगुले २० ऑक्टोबर २०१९ रोजी आणि एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १४ डिसेंबर २०२० रोजी. सव्वादोन वर्षांत कोल्हापूरच्या तीन वस्तादांच्या जागा रिकाम्या झाल्या. खंचनाळेही कुस्ती सोडल्यावर शाहूपुरीत पोरांना घडवत राहिले होते. तिघांच्याही मृत्यूच्या बातम्यांत ठळक अक्षरांत आले ते त्यांचे किताब. वस्ताद म्हणून त्यांनी जे केले ते बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात.

बेळगावच्या कुस्तीची आठवण काढायची तर १९७७ सालची हरिश्चंद्र बिराजदार आणि दिल्लीचे सतपाल यांची लढत टाळता येत नाही. सतपाल म्हणजे त्या काळी भीती वाटावी असे नाव. बिराजदार लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे. कोल्हापुरात तालीम केलेले, १९६९चे महाराष्ट्र केसरी, १९७०च्या एडिंबरो राष्ट्रकुल स्पर्धेतले सुवर्णपदक विजेते. बेळगावच्या मैदानात त्यांनी सतपालना हरवले. कन्नड-मराठीच्या वादाने तापलेल्या त्या शहरात, मराठवाड्याचा मल्ल आणि दिल्लीचा मल्ल यांची कुस्ती बघायला दोन्ही भाषा बोलणारे लोक आले असणार आणि बाहेर पडताना दोन्ही भाषांत तिच्याविषयीच बोलत गेले असणार. बेळगावात आनंदवाडीच्या आखाड्यात पुढेही मैदाने भरत आली आहेत आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात सैन्याने मुलांना कुस्ती शिकवण्याची सोय केलेली आहे.

या लढतीतले दोघेही पुढे वस्ताद झाले, आणि गंमत अशी की दोघांचीही पुढची कीर्ती शिष्यांनी वाढवली. सतपाल यांनी दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये शिकवायला सुरुवात केली. १९५२नंतरचे ते २००८चे कांस्यपदक मिळवणारा सुशीलकुमार त्यांचाच शिष्य. बिराजदार पुण्याला गोकुळ वस्ताद तालमीत शिकवू लागले. तालमीच्या नावातच एका वस्तादाचे नाव आहे याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तिथे त्यांनी काका पवार यांना घडवले आणि बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याहून आलेल्या राहुल आवारे यालाही. बिराजदार २०११ साली वारले. त्यानंतर राहुलला पवारांनी सांभाळले. २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाचे सुवर्णपदक मिळाल्यावर राहुलने ते बिराजदारांना अर्पण केले. सात वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचे नाव त्या दिवशी वर्तमानपत्रांत आले. वस्तादाच्या नावाची वर्तमानपत्रातली वेळ ही अशी, कधी कधी मरणानंतर येते.

सरकारला या माणसांची दखल घ्यावी असे वाटायला १९८५ साल लागले. त्या वर्षी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला आणि पहिल्याच वर्षीच्या तीन मानकऱ्यांमध्ये कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते. अॅथलेटिक्सचे ओ. एम. नंबियार म्हणजे पी. टी. उषाचे गुरू म्हणून आपल्याला लगेच आठवतात. मुष्टियुद्धाचे ओमप्रकाश भारद्वाज काहींना आठवतील. भागवतांचे नाव मराठी वाचकालाही सांगावे लागते. त्या यादीतले एकमेव मराठी नाव आपल्याच विस्मरणात जावे, हे तालमीबाहेरच्या आपल्या सवयीला धरूनच झाले.

'वस्ताद एक डाव राखून ठेवतो' अशी म्हण आहे. तिचा अर्थ बहुधा असा सांगितला जातो की शिष्य उलटला तर उपयोगी पडावा म्हणून गुरू शेवटचा डाव शिकवत नाही. मांजराने वाघाला झाडावर चढणे शिकवले नाही त्याच जातीची ही गोष्ट. पण वर ज्या माणसांची नावे आली त्यांच्याकडे पाहिले की ही म्हण निराळी वाटू लागते. आंदळकरांना ठाऊक होते ते चौगुल्यांकडे गेले, बिराजदारांचे पवारांकडे गेले. राखून ठेवलेला डाव असलाच तर तो शिष्याची लढण्याची वर्षे संपल्यावर त्याला मिळतो. पोराला कधी उतरवायचे आणि कधी थांबवायचे हे लढत्या मल्लाला शिकवून उपयोग नाही. ते त्याला स्वतः हौदाबाहेर बसायची वेळ येते तेव्हाच कळते.

म्हणून खरी काळजी आहे ती इथे. संस्थाने गेल्यावर मल्लांना सहकारी साखर कारखान्यांनी मानधन देऊन सावरले. वारणानगरला १३ डिसेंबरचे मैदान गाजत राहिले. आता मॅट आले आहेत आणि ते यायलाच हवे होते, कारण ऑलिंपिकचे पदक मातीत मिळत नाही. नवी कुस्ती संकुले निघाली, पतियाळाच्या संस्थेतून पदविका घेतलेले प्रशिक्षक आले. पदविकेने डाव, नियम, आहारातली प्रथिने हे सगळे शिकता येते आणि जुन्या वस्तादांना यातले बरेच ठाऊक नव्हते हेही खरे. परंतु संकुलात मुलगा वर्षाचे शुल्क भरून येतो. निकाल दिसला नाही तर पालक त्याला दुसरीकडे नेतात. 'अजून एक वर्ष थांब' हे सांगणारा आणि ते ऐकून घेणारा, दोघांनाही तेवढा धीर उरलेला नाही. सीमेवरच्या खेड्यातल्या तालमींचे तर याहून अवघड. मुलगा नोकरीसाठी खेळाचे प्रमाणपत्र शोधतो तेव्हा ते कोणत्या राज्याच्या संघटनेचे हा प्रश्न त्याच्यापुढे येतो. १९५० सालच्या एकसंब्याच्या पोराला तो प्रश्न पडला नव्हता.

गाण्यातल्या उस्तादांची नावे आपण जपली, कारण ती घेतल्याशिवाय गाणे सुरूच करायचे नाही अशी शिस्त शिष्यांनी पाळली. नाव घेताना कानाची पाळी धरायची, ही त्यातलीच. केसरबाई आणि मोगूबाई गेल्या तरी अल्लादिया खाँ गोव्यात घरचे वाटतात ते त्यामुळे. कुस्तीत ही शिस्त पाया पडण्यापुरती राहिली, लिहिण्यात आली नाही. एकसंबा, कागल, निपाणी, चिकोडी, बेळगावचे खेडेगाव, कुठेही जुन्या तालमीत गेलात तर भिंतीवर धुळकट तसबिरी असतात. गदा खांद्यावर घेतलेला पैलवान त्यात ओळखू येतो. त्याच्या शेजारी फेटा बांधून खुर्चीवर बसलेला एक वयस्क माणूस असतो. त्या दुसऱ्या माणसाचे नाव सांगणारी म्हातारी माणसे अजून काही गावांत आहेत. ते विचारून लिहून ठेवण्याचे काम कोणा किताबासाठी थांबलेले नाही आणि त्याला दोन्ही राज्यांपैकी कोणाची परवानगीही लागत नाही.